एकशे वीस पावलं

हरेश्वर म्हात्रे चालत असतील तर त्यांना नमस्कार करू नये. हा आमच्या भागातला अलिखित नियम आहे आणि भाईंदर पश्चिमेला नवीन राहायला आलेला माणूस तो एकदा मोडूनच शिकतो. मीही तसाच शिकलो. गिरगावातून इथे आलो त्याच आठवड्यात समोरून एक उंच, सावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ येताना दिसले. शेजारधर्म म्हणून मी हात जोडले. ते जागच्या जागी थांबले आणि मी त्यांच्या हातातलं दुधाचं भांडं सांडल्यासारखं माझ्याकडे पाहू लागले.

"गेली!" ते म्हणाले.

"काय गेलं?"

"मोजनी." एवढं बोलून ते वळले आणि कोपऱ्यावरच्या विहिरीवरून थेट घरापर्यंत परत गेले, पुन्हा पहिल्यापासून चालायला.

म्हात्रेदादा पावलं मोजतात. घरातून निघाले की पोहोचेपर्यंत मोजतात. आमच्याकडे अंतर विचारलं तर लोक रिक्षाची मिनिटं सांगतात, आणि ती रस्ता किती खणलेला आहे त्याप्रमाणे बदलतात. दादांचा आकडा बदलत नाही. "स्टेशन? एकवीसशे चालीस. तलावाकडून गेलात तर चोवीसशे दहा, पन सावली हाय." एका बाईंना त्यांनी दवाखान्याचा पत्ता असाच सांगितला होता. बाई पत्ता विचारायला दुसऱ्या माणसाकडे गेल्या. तो दादांचा पुतण्या निघाला. तो म्हणाला, "काका बोलले त्यात पायऱ्या धरलेल्या न्हाईत."

हे खूळ घराण्यातलं आहे. म्हात्र्यांची पूर्वी मिठागरं होती आणि थोडी भातशेती. दोन घरांत बांधावरून भांडण झालं की गाव दादांच्या वडिलांना बोलवायचं. ते बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, आकडा सांगत आणि भांडण मिटायचं. त्यांच्या हातात टेप कधी आली नाही. मिठागरं गेली, भातशेतीवर सोसायट्या उभ्या राहिल्या, वडील गेले. चाल तेवढी मुलाकडे राहिली, आणि बरोबर एक प्रश्न. समोरचा कोणीही असो, थोडा वेळ ऐकून घेतलं की दादा विचारतात, "आकडा सांगा."

या प्रश्नाने आमच्या फुटबॉल क्लबात अनेक भाषणं अर्धवट संपवली आहेत.

क्लब मोठा नाही. गावातल्या चार घरांनी खाडीकडची पडीक जमीन दिली, तिचं मैदान झालं. ते आखलं बावीस वर्षांच्या दादांनी. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत एकशे वीस पावलं. त्यानंतर दर रविवारी सकाळी ते फक्की मारायचे. मैदानावर पांढऱ्या रेषा आखायच्या त्या पुडीला फक्की म्हणतात. तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा हातात घेऊन, ओठ हलवत, ते पांढऱ्या ढगात चालत असायचे. रेषा पूर्ण झाल्या की मुलं लोखंडी गोल उचलून दादा दाखवतील तिथे ठेवायची. हे मैदान टेपने कधी कोणी मोजलं नाही. दादा असताना टेप काढणं हा अपमान झाला असता.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साठी उलटल्यावर दादांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांचं पाऊल आखूड झालं. पावलं तेवढीच, एकशे वीस; मैदान मात्र दर मोसमाला थोडं थोडं लहान. पाहुणे संघ कुरकुरायचे. आमचा गोलकीपर पूर्वी बॉल हाफलाईनपर्यंत मारायचा, तो आता पलीकडे मारायला लागला आणि आपण सुधारलो असं धरून चालला. कॅप्टन इम्रानला सगळं माहीत होतं, मलाही होतं. दादांना कोणी बोललं नाही. काय बोलणार? "दादा, तुम्ही आखूड झालात"? आम्ही लहान मैदानावर खेळत राहिलो. क्लबच्या इतिहासात सर्वांत जास्त गोल त्या तीन मोसमांत झाले.

मग पुनर्विकास आला.

एका विकासकाने क्लबला प्रस्ताव दिला: जागेच्या एका कडेला त्यांची इमारत, बाकीच्या जागेत आम्हाला गॅलरी, कपडे बदलायच्या खोल्या, दिवे, हिरवळ. तीस महिन्यांत. सभेत टाळ्या पडल्या. दादा उठून म्हणाले, "गॅलरी नको. मैदान व्हतं तेवढं र्‍हाईल का? आकडा सांगा."

विकासकाच्या माणसाने मीटरमध्ये आकडा सांगितला. दादा म्हणाले, "मीटर मना म्हाईत न्हाय. कागदावर पावलं लिवा."

क्लबचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. बँकेत तीस वर्षं मसुदे लिहिले असल्यामुळे लोकांचा माझ्या मराठीवर विश्वास आहे. तर तो मसुदा मी लिहिला, आणि मला त्याचा तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता. कलम अकरा: 'मैदानाची लांबी पूर्वापार आहे तितकीच, म्हणजे श्री. हरेश्वर म्हात्रे यांच्या पावलांनी एकशे वीस, राहील.' वकील हसले, पण त्यांनी ते काढलं नाही. विकासकाचा माणूसही हसला. त्यानेही काढलं नाही. त्याच्या हसण्याकडे मी तेव्हाच नीट पाहायला हवं होतं.

मैदानाभोवती निळे पत्रे लागले. भूमिपूजन झालं. नारळ फुटले, फेटे बांधले गेले, एका पाहुण्यांनी माईकवरून सांगितलं की इथून लवकरच देशाला खेळाडू मिळतील. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "लवकर म्हंजे किती? आकडा सांगा." माईक बंद पडला की बंद केला गेला, याबद्दल आजही दोन मतं आहेत.

तीस महिने झाले. गॅलरीचे चार खांब उभे राहिले आणि त्यांतून निघालेल्या सळ्या गंजल्या. परवानगी अडकली, मग आराखडा बदलला, मग ज्या भागीदाराने आराखडा बदलला तोच बदलला. नवा भागीदार आला म्हणून दुसऱ्यांदा भूमिपूजन झालं. तीच भूमी, तीच कुदळ, फेटे फक्त वेगळ्या रंगाचे. पत्र्यावरचा फलकही दर वेळी बदलायचा. पहिल्यांदा त्यावर 'मैदान' होतं, मग 'स्टेडियम' आलं, मग 'आंतरराष्ट्रीय दर्जाचे क्रीडासंकुल'. कामाची गती जशी कमी होत गेली तसं नाव लांबत गेलं. आतमध्ये खड्ड्यात पाणी साचलं आणि त्यात बगळे उभे राहू लागले. आमची मुलं मीरा रोडला जाळीच्या टर्फवर सात-सातचा संघ करून खेळायला लागली. उरलेल्या चौघांनी क्रिकेट धरलं.

दादा रोज संध्याकाळी पत्र्याच्या दारातून आत जायचे, वॉचमनला हात करायचे आणि फेरी मारून यायचे. त्यांना एकच संशय होता: कोणीतरी मैदान खाणार. "बांद असाच सरकतो सेक्रेटरी," ते मला सांगायचे. "रोज चार बोटं. मालक झोपलेला असतो."

अशात ते घराच्या पायरीवरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. चार महिने घरात. त्या दिवसांत विकासकाचा तरुण इंजिनिअर संत्री घेऊन त्यांना भेटायला गेला. मोठा गोड मुलगा. दादांच्या खांद्याला हात देऊन त्याने त्यांना दहा पावलं चालवलं आणि टेप काढून ती दहा पावलं मोजून वहीत लिहून घेतली. दादा भेटेल त्याला कौतुकाने सांगायचे, "शिकलेला पोऱ्या हाय, पन माझ्या पावलाचा नकाशा काढून नेला."

गेल्या महिन्यात सुधारित आराखडा आला. गोलच्या मागे 'प्रेक्षक सुविधा' नावाची एक रांग होती. जवळून पाहिलं तर शटरं दिसत होती, म्हणजे दुकानाचे गाळे. मैदानाची लांबी अठ्ठ्याऐंशी मीटर. सभेत कुजबुज सुरू झाली. हे कमी आहे का? पूर्वी किती होतं? पहिल्या सभेतला मीटरचा आकडा कागदावर आलाच नव्हता, त्यामुळे कोणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या खुणा तर खणून टाकलेल्या. इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "आम्ही करारावर चालतोय. रविवारी खुंट्या ठोकून ठेवतो. दादांनीच मोजावं. त्यांनी नाही म्हटलं तर आम्ही थांबू."

यापेक्षा रास्त काय असणार? ठरलं. दादांनी मोजून हो म्हटलं की आठवड्याने सोमवारी क्लबचं संमतीपत्र जाणार आणि काम सुरू होणार. एकदा ते पत्र गेलं की मैदान जे आखलं तेच कायमचं.

रविवारी चाळीसेक माणसं जमली. बगळ्यांचं पाणी उपसलेलं, दोन टोकांना लाल फडकी बांधलेल्या खुंट्या. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काठी त्यांनी इम्रानच्या हातात दिली आणि निघाले. अर्ध्यावर ते जरा झुकले, पण थांबले नाहीत. पलीकडच्या खुंटीला त्यांच्या चपलेचं टोक लागलं तेव्हा ते तसेच उभे राहिले. खाली चपलेकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"एकशे वीस," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. इंजिनिअरने वाकून नमस्कार केला. एकशे एकोणीस नाही, एकशे एकवीस नाही. नेमके एकशे वीस. तेव्हा मला संत्री आठवली, आणि ती वहीतली दहा पावलं, आणि कलम अकरा लिहिणारं माझं वळणदार अक्षर. करारात दादांचं पाऊल होतं, आणि पाऊल म्हातारं होत होतं. काम जितकं लांबेल तितकं मैदान आखूड. मोडायची गरजच नव्हती. करार पाळूनच काम झालं होतं.

बर्फी वाटली जात असताना इम्रान माझ्याजवळ आला. "चाचा, हे छोटं आहे. दहा मीटर तरी गेलेत, जास्तच. मी वीस वर्षं इथे धावलोय, माझे पाय सांगतायत."

"मग बोल सभेत."

"मी कसा बोलू? माझे पहिले बूट दादांनी आणले होते. एवढ्या लोकांत त्यांना सांगू का, तुमचं पाऊल गेलं म्हणून? तुम्ही बोला. तुम्ही सेक्रेटरी."

मी बोललो नाही. घरी येऊन इतिवृत्त लिहिलं: 'मोजणी समाधानकारक झाली.' बँकेत मी अशी बरीच वाक्यं लिहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारावरची बेल वाजली. दादा होते. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ते काठी टेकत वर आले होते आणि दम घेत दारातच उभे होते.

"लिवलं का कालचं?"

मी वही दाखवली. वाचून त्यांनी बोट ठेवलं. "ह्ये खोडा. आनि तुमच्याकडं टेप असंल तर घ्या. माझ्या घरी यायचंय."

रस्ताभर ते मोजत होते. त्यांचं घर जुन्या गावठाणात, दोन इमारतींच्या मधोमध, अजून बैठं. पुढे सिमेंटचं अंगण. त्यांनी काठीने दाखवलं. अंगणाच्या मधोमध दोन पावलं उमटलेली होती, एक उजवं, एक डावं, चांगली खोल. त्यांत वाळलेल्या रांगोळीचा गुलाबी रंग अडकला होता.

"अंगन घातलं तवा मी सव्वीसचा," ते म्हणाले. "सिमेंट ओलं व्हतं. मी दारापासून मोजत आलो, मधी थांबलो असतो तर मोजनी गेली असती, तसाच चालत गेलो. गवंडी बोंबलला. सगली पावलं त्यानं पुसली. ह्या दोनला हिनं हात लावू दिला न्हाय. बोलली, दोन र्‍हाऊ दे. हा मानूस कवा घरात नसतो. दोन पावलं तरी घरात र्‍हातील."

दादांच्या पत्नीला जाऊन पाच वर्षं झाली. दिवाळीत त्या या दोन पावलांत रांगोळी भरायच्या. त्या गेल्यावर कोण भरतं ते मी विचारलं नाही. समोर खिडकीत रांगोळीची डबी दिसत होती.

दादांनी उजवा पाय एका ठशात ठेवला. चपखल बसला. मग काठीवर भार देऊन डावा उचलला आणि पुढे टाकला. तो दुसऱ्या ठशाच्या बराच अलीकडे पडला. ते तसेच उभे राहून त्या अंतराकडे पाहत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"घरापासून मैदानाचं दार चारशे बारा. आता पावनेपाचशे लागतात. घर तर सरकलं न्हाय." त्यांनी पाय मागे घेतला. "पोरं बारक्या मैदानावर खेलत व्हती त्ये पन म्हाईत व्हतं. मना वाईट वाटंल म्हनून कोन बोलला न्हाय. मग मी पन बोललो न्हाय. त्यांना वाईट वाटलं असतं."

"मग काल हो का म्हणालात?"

शेजारच्या इमारतीतून कुकरची शिट्टी आली.

"सात वरसं झाली, सेक्रेटरी. न्हाय बोललो तर परत नकाशा, परत सही, परत नारल. मी तेवढा न्हाय पुरत. वाटलं, बारकं तर बारकं, एकदा फक्की मारून जावं." मग ते टेपकडे पाहून म्हणाले, "पन रात्री हितं पाय ठेवून बघितला. ह्ये पाऊल खोटं बोलत न्हाय. धरा टेप."

मी उकिडवा बसून एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत टेप धरली. दोन फूट नऊ इंच. एकशे वीसने गुणलं की तीनशे तीस फूट, शंभर मीटरच्या थोडं वर. बारा मीटर गेले होते. गाळ्यांच्या रांगेची रुंदी नकाशात बाराच मीटर होती.

त्यांनी अंगणात बसूनच इतिवृत्त सांगितलं आणि मी लिहून घेतलं. 'रविवारची मोजणी चुकली. चूक मैदानाची नाही, मोजणाऱ्याची. कराराच्या कलम अकरामधील पाऊल म्हणजे मोजणाऱ्याच्या अंगणातील सिमेंटमधले पाऊल, दोन फूट नऊ इंच, असे समजावे.' मी म्हटलं, "'मोजणी चुकली' ऐवजी 'मोजणीबाबत फेरविचार' लिहू का?" ते म्हणाले, "चुकली लिवा. गोल शब्द लिवला की बांद सरकतो." खाली त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून इम्रानला बोलावून त्याचीही घेतली. त्याने ठशांवर टेप पुन्हा धरून पाहिली आणि कोणाकडे न बघता बूट घालून निघून गेला.

संमतीपत्र गेलं नाही. त्याऐवजी हा कागद गेला, ठशांच्या फोटोसकट. आता परत नवा आराखडा होणार, परत तारखा पडणार. वकील म्हणतात कागद टिकेल. किती दिवसांत, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि गंमत म्हणजे दादांनी विचारलंही नाही. इंजिनिअर पुन्हा फळं घेऊन आला होता म्हणतात. दादांनी संत्री ठेवून घेतली आणि त्याला अंगण दाखवलं.

त्याच सकाळी तो कागद वकिलांकडे द्यायला मी स्टेशनच्या बाजूला निघालो तेव्हा दादा म्हणाले, "थांबा, येतो." आम्ही निघालो. मी सवयीने गप्प राहिलो आणि अर्धं पाऊल मागे. थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "ही पन अशीच चालायची, मागं. लई बोलायची पयली. माझी मोजनी जायची, मी रागवायचो. मग बोलायची बंद झाली. चालीस वरसं." मग म्हणाले, "तुम्ही हिकडं या, बाजूला."

मी बाजूला आलो. ते पूर्वी इथे मिठाच्या राशी कुठे असायच्या ते सांगायला लागले, राशींवर गवत कसं शाकारायचे ते, लग्नात वरात कुठल्या बांधावरून आली ते. विहिरीच्या कोपऱ्यावर फुलवाली बसली होती. दादा दिसताच तिने नेहमीप्रमाणे मान खाली घातली. दादा थांबले आणि म्हणाले, "राम राम, वैनी." तिच्या हातातला गजरा सुटला. "अगो बाय! दादा, मोजनी गेली ना तुमची?"

"जाऊ दे," दादा म्हणाले, आणि पुढे निघाले.

ऊन चढलं होतं आणि ते दमले होते. मी विचारलं, "रिक्षा करू या का दादा? अजून किती राहिलं स्टेशन?"

"र्‍हाईलं असंल थोडं," ते म्हणाले. "तुम्ही बोला."